थोरलीची पाच रोपं

दिगूकाका वाडीत आलेल्या माणसाला झाडाचं नाव आधी सांगत नसत, नातं सांगत. पोफळीवर चढलेला मिरीचा वेल दाखवून म्हणत, "ही माहेरपणाला आलेली. पोफळीला तिचा तरास न्हाय, पण जायचं नावही काढत न्हाय." दालचिनीपाशी थांबले की, "हिची साल सोलून काढली तरी वरसात परत उभी. आमच्या घरात अशी एकच बाई हाय." मग मान वळवून बघत. शालूकाकू ऐकू जाण्याइतक्या जवळ नसल्या, तर तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने.

माझ्या वडिलांचे हे आतेभाऊ. आगरदांड्याला गाडी बोटीत चढवायची, खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, आणि समुद्र उजव्या हाताला धरून जायचं, की अर्ध्या तासात त्यांची वाडी. नारळ, पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, मिरी, दालचिनी. यंदा चैत्रात ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार घरात इतरांचा जास्त आहे; पण इतरांना कामं आहेत, आणि मला एक गोष्ट मनावरून उतरवायची आहे.

माझं स्वतःचं मसाल्याचं ज्ञान कागदी आहे. शब्दशः. मी उरणला राहतो आणि न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद पुढेमागे सरकवतो. कुठल्या कुठल्या बेटांवरची लवंग आणि जायफळं माझ्या टेबलावरून जातात. वजन, पोत्यांची संख्या, बंदराचं नाव. उघडून बघायची वेळ कधी आलेली नाही. तरीही सासरच्या माणसांत बसलो की मी "आमची खाडीपलीकडची मसाल्याची बाग" असं म्हणत असे. माझ्या बायकोने सुरुवातीला दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं, मग सोडून दिलं.

या फुशारकीची परीक्षा एकदा झाली. मेहुणा आणि त्याची बायकामुलं यांना घेऊन मी वाडीत गेलो. काका मागून सावकाश येत होते. मी पुढे, हात पाठीमागे बांधून, मालकासारखा. एका झाडाचं पान तोडलं, मेहुण्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे बघा, जायफळ. पान चावून बघा, सुगंध येतो." मेहुण्याने चावलं. त्याचं तोंड वाकडं झालं. ते रातांब्याचं झाड होतं. कोकम ज्याचं होतं ते. आंबट ढाण.

काका येऊन पोचले. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मेहुण्याला म्हणाले, "व्हय, जायफळच. या बाजूची जमीन जरा आंबट हाय."

मेहुणा आजही उरणला आला की जमिनीच्या आंबटपणाची चौकशी करतो. चुकलेल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही हा काकांचा धर्म होता. एरवी ते देवाच्या फारसे नादी नव्हते.

लोकांना वाडी दाखवायची कल्पना त्यांच्या मुलाची, राजूची. राजू दिघीच्या बंदरात नोकरीला. त्याने रस्त्यावर एक बोर्ड लावला: 'मसाल्याचं बेट. वाडी-दर्शन, घरगुती जेवण.' काका बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले.

"बेट कुठाय रे?"

"बाबा, लोक बोटीतून येतात ना. त्यांना वाटतं बेटावर आलो."

"तीन बाजूंनी पाणी हाय ते ठीक. चवथ्या बाजूला ग्रामपंचायत हाय. तिचं काय करतोस?"

पण बोर्ड राहिला. पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. 'बेट कुठून सुरू होतं' म्हणून विचारू लागली. काका पायाखाली बोट दाखवून "हितनं" म्हणायला शिकले. त्यांची एकच अट असे. पाटाच्या कडेने एकामागे एक चालायचं, आणि थोरलीपाशी आल्यावर गप्प बसायचं.

थोरली म्हणजे जायफळाचं जुनं झाड. काकांच्या जन्माआधीचं. विहिरीच्या वरच्या अंगाला, काळंभोर, घुमटासारखं. फळ पिकलं की उभं तडकायचं आणि आत लालभडक जायपत्रीच्या जाळीत गुंडाळलेली बी दिसायची. ते पाहून शहाणीसुरती माणसं गप्प होत, अट नसती तरी झाली असती. काका तेवढा वेळ टोपी काढून हातात धरत. उकडतंय म्हणून, असं ते म्हणत.

थोरलीपासून वीस पावलांवर तिच्यासारखंच दुसरं झाड होतं, पण त्याला कधी फळ नसायचं. त्याची ओळख करून देताना काकांना चेव येई. "हे आमचं भावोजी. जायफळात नर वेगळा, मादी वेगळी. पिवळं बारीक फूल येतं दोघांना. नराची फुलं झुपक्यानं, गप्पा मारल्यागत. मादीचं एकटं, न्हायतर जोडीला एक. फळ धरायचं तिनं. दहा बायांत एक पुरुष पुरे. जास्त झालं की नुसतं चा मागतात."

"आणि बी लावलं तर कळतं का, नर का मादी?" असं हमखास कोणीतरी विचारी.

"न्हाय कळत. पाच वरसं, सहा वरसं, सात वरसं वाढवायचं. पाणी घालायचं, सावली धरायची. फूल आलं की कळलं. नर निघाला तर तोडायचा."

"सात वर्षं वाढवून?"

"मंग काय, सरबत पाजायचं?"

लोक हसत. मीही हसलेलो आहे, प्रत्येक खेपेला, जोक पाठ असूनही.

मग तो जून महिना आला. वादळाचं मी काय सांगावं. किनाऱ्यावर ज्याने पाहिलं त्याला सांगायची गरज नाही, ज्याने नाही पाहिलं त्याला सांगून कळत नाही. सगळं जग आधीच घरात कोंडलेलं. फोन बंद, वीज बंद, रस्त्यावर झाडं. चार दिवसांनी राजूचा निरोप मिळाला की माणसं आहेत. वाडीबद्दल तो काही बोलला नाही.

मला पोचायला बारा दिवस लागले. मी गाडीत काय काय भरलं होतं ते सांगायला मला आता लाज वाटते: ताडपत्री, मेणबत्त्या, तोंडाला लावायच्या पट्ट्यांचा खोका, बिस्किटांचे चाळीस पुडे, आणि एका ओळखीच्या ठेकेदाराकडून मागून आणलेली झाडं कापायची मशीन, चालवणाऱ्या माणसासकट. मशीनचा मला फार अभिमान होता. मी काहीतरी कामाला येणार होतो.

वाडीच्या जागी आकाश होतं. पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा. घरावर अर्धे पत्रे नव्हते. भावोजी उभाच्या उभा चिरला होता. थोरली विहिरीच्या बाजूला आडवी पडली होती. अर्धी मुळं वर, अर्धी मातीत. पानं मात्र हिरवी होती. ते मला नंतर फार वेळा आठवलं.

शालूकाकूंनी मला बघितलं आणि आधी भांडण काढलं, नवऱ्याशी. "विचार तुझ्या काकांना. वारा पडला, मी भिजलेलं तांदूळ उचलतेय, राजू पत्रे शोधतोय, आणि हे थोरलीच्या फांद्यांत शिरून जायफळं वेचतायत. घरावर छप्पर न्हाय."

"छप्पर बाजारात मिळतं," काका म्हणाले. "जायफळाचं ताजं बी आठ दिवसांत मरतं."

त्यांनी तीसेक बिया वेचल्या होत्या. फुटक्या टोपल्या, माठाचे बुडखे, एक जुनी बादली, यांत माती भरून पडवीत लावल्या होत्या. घरातली एकमेव कोरडी जागा बियांना दिली होती. काकू दोन रात्री बाकावर बसून झोपल्या होत्या.

"आता हे एवढं लाकूड काढून टाकायला पायजे," काका थोरलीकडे बघत म्हणाले. "विहिरीवर जाता येत न्हाय."

मी मशीनवाल्याला खूण केली. दीड दिवसात थोरलीचे तुकडे झाले. मी स्वतः फांद्या ओढल्या, हाताला फोड आले, त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. काका पूर्ण वेळ पाठ फिरवून बियांना पाणी घालत बसले. पाऊस पडत असताना. गॅस मिळत नव्हता, म्हणून काकूंची चूल पुढचे तीन महिने त्या लाकडावर पेटली. माझी ती वर्षातली सगळ्यात समाधानाची खेप होती.

बिया रुजायला दीड-दोन महिने गेले. तिसांतल्या अकरा रुजल्या. उंदीर, गोगलगायी आणि पहिला उन्हाळा यांनी सहा नेल्या. पाच राहिल्या.

वाडी पुन्हा उभी करायला राजूने रोपवाटिकेतून जायफळाची कलमं आणली. सगळी मादी, खात्रीची, लवकर धरणारी. काकांनी ती नीट लावली, सावल्या केल्या. पण ती पाहुण्यांना दाखवताना ते नातं सांगत नसत. "ही राजूनं आणलेली," एवढंच. पाच रोपं वेगळी होती. थोरलीचा खड्डा बुजवून त्याच्याभोवती लावलेली. त्यांना कुंपण केलं होतं. सकाळी चहाच्या आधी काका तिथे जाऊन येत. त्यांना त्या पाचांतली एक मादी हवी होती. जास्त नको. एक.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी रोपवाटिकेतला एक तरुण माणूस कलमं बघायला आला. हुशार, नम्र, शिकलेला. योगायोगाने मी तिथे होतो. त्याने पाच रोपं पाहिली, गोष्ट ऐकली, आणि अगदी सहज म्हणाला, "काका, बी कशाला लावलंत? बियाचं काय, निम्मे नर निघणार. झाड पडलं तेव्हा काड्या काढून ठेवायच्या होत्या. त्यांची कलमं बांधली असती तर तेच झाड परत मिळालं असतं. मादी म्हणजे मादी."

"पडलेल्या झाडाच्या?" काकांनी विचारलं.

"मुळं अर्धी मातीत होती म्हणता ना? पानं हिरवी होती? मग काड्या जिवंत होत्या. पंधरा दिवस सहज."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मी बारा दिवसांनी आलो होतो, मशीन घेऊन. काकांनी बी वाचवलं आणि झाड जाळलं. जाळायला मी मदत केली. साठ वर्षं वाडीत काढलेला माणूस आणि कागदावर पोती मोजणारा मी, दोघांनी मिळून ही चूक केली, आणि दोघंही त्या वेळी फार कामात होतो.

त्या तरुणाला काकांनी बसवून घेतलं, चहा पाजला, जाताना नारळ दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मशीन चांगली हुती. धार चांगली हुती तिला."

मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाचव्या वर्षी पहिल्या रोपाला फुलं आली. झुपक्याने. काकांनी ते ठेवलं. "एक नर लागतोच," असं म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. पुढच्या पावसाआधी दुसरं फुललं. झुपक्याने. ते त्यांनी स्वतः कोयत्याने तोडलं. दिवाळीत तिसरं आणि चौथं, आठवड्याच्या अंतराने. राजू म्हणाला, "बाबा, तोडू नका, यांच्यावर मादीची काडी बांधता येते, मी माणूस बोलावतो."

"कुठल्या मादीची?"

"आपल्या कलमांतली."

"ती थोरलीची न्हाय," काका म्हणाले, आणि कोयता आणायला गेले.

त्या वेळी त्यांना धाप लागायची. एवढंसं झाड तोडायला सकाळ गेली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी थांबवलं नाही. मात्र दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनू, पाचव्याचं काय रे करायचं?"

"वाट बघायची, काकू."

"ती तर बघतायतच. दुसरं काय करतायत?"

खरंच दुसरं काही करेनासे झाले होते. पाहुण्यांना वाडी राजूची बायको दाखवू लागली. ती छान बोलायची, नावं बरोबर सांगायची, पण लोक हसत नसत. काकांचे पाय सुजायचे. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय असं सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढ्या वरसांत मला तर दिसलं न्हाय." काका हसले, मग बराच वेळ खोकत राहिले. खुर्ची पाचव्या झाडाजवळ नेऊन ठेवायची, दहा वाजता त्यांना धरून तिथे बसवायचं, जेवायला आत आणायचं, असा दिवस ठरून गेला. झाड आता काकांच्या डोक्याच्या बरंच वर गेलं होतं. शेंडा हिरवागार. फूल नाही. आजूबाजूच्या त्याच वयाच्या झाडांना फुलं येऊन गेली, याला नाही.

"उशीर करत्येय," काका म्हणत. "मादी उशीर करते. तयारीला वेळ लागतो." त्यांनी त्या झाडाला 'ती' म्हणायला सुरुवात केली होती. आम्ही कोणीही ते दुरुस्त केलं नाही.

माघात मी गेलो तेव्हा काका बिछान्यावरून उठत नव्हते. पडवीच्या आतल्या खोलीत, उशांना टेकून. चेहरा लहान झालेला, डोळे मोठे. संध्याकाळभर मी त्यांना बंदरातल्या गमती सांगितल्या. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. सकाळी लवकर मला हाक मारली.

"मनू, जरा मागं जाऊन बघून ये. फुललीय का."

"काकू सांगतील ना."

"तिला रोज विचारतो. न्हाय म्हणते. तू बघून ये. झुपका का एकटं, तेवढं बघ. पान तोडून चावू नको."

मी मागच्या दाराने गेलो. उजाडत होतं. पाचव्या झाडाला बांबूची शिडी लावलेली होती आणि शिडीवर, पदर कमरेला खोचून, शालूकाकू. वय सदुसष्ट. एका हाताने फांदी वाकवून दुसऱ्या हाताने काहीतरी खुडत होत्या आणि ओच्यात टाकत होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. शेंड्याकडची एक फांदी पुरी केली आणि सावकाश खाली आल्या.

ओच्यात फुलं होती. पिवळसर, घंटेसारखी, ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठी. कितीतरी. एका देठाला सात-आठ.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळी झाल्यावर. आधी थोडी यायची, खालून हात पोचायचा. आता वरपत्तूर येतात मेली."

"रोज?"

"हे उठायच्या आत. दहाला खुर्चीत बसायचे ना. आता बसत न्हायत, पण कुणी येऊन बोललं म्हंजे? तू नसतास बोललास?"

बोललो असतो.

"किती दिवस खुडणार, काकू?"

"ह्यांचे किती, ते तू मला सांग," त्या म्हणाल्या, आणि ओचा पाटात झटकला. फुलं पाण्याबरोबर खालच्या पोफळींकडे गेली.

मी विहिरीवर तोंड धुतलं, उगाच दोनदा धुतलं, आणि आत गेलो. माझ्या चेहऱ्यावरून घरातल्या कुत्र्यालाही खोटं कळतं, हे मला माहीत आहे. काका दाराकडेच बघत होते.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मंग?"

"नाही काका. अजून नाही. नवी पालवी आहे वर. छान आहे."

"बरं."

त्यांनी भिंतीकडे मान वळवली. मला वाटलं, सुटलो. कपातला चहा अर्धा होता तो मी उचलला.

"मनू."

"काय काका?"

"तिला म्हणावं, शिडी पाटाच्या बाजूनं लावू नको. तिकडची जमीन ओली असते. विहिरीच्या अंगाला लाव. दगड हाय खाली."

मी कप तसाच धरून उभा राहिलो. मी विचारलं नाही, कधी कळलं, कसं कळलं. दुपारी मी काकूंना एवढंच म्हणालो की शिडी विहिरीच्या बाजूने लावलेली बरी, तिकडे दगड आहे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तुला रे काय कळतं वाडीतलं," असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला पहिली बोट धरायची होती. पिशवी उचलली, आणि निरोप घ्यायला आतल्या खोलीच्या दाराशी गेलो. खोलीत उजेड यायला लागला होता. काका जागे होते, छताकडे बघत. तेवढ्यात पडवीतून शिडी उचलल्याचा आवाज आला, मागच्या दाराची कडी निघाली, आणि काकूंची पावलं विहिरीकडे गेली.

काकांनी डोळे मिटून घेतले. घट्ट. हात छातीवर ठेवून, श्वास जरा मोठा करून, झोपलेल्या माणसासारखे ते पडून राहिले. मी दारात थांबलो. मागे फांदी वाकल्याची सळसळ होत होती. ती पुरी होईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि मला बोट गाठायची होती.